आठवी इनिंग

“रन नाही!” पंच उन्हाळे सर ओरडले. “फोर्स आउट! रन कॅन्सल!”

मी त्या वेळी होम प्लेटच्या पलीकडे उभी राहून पँटची माती झटकत होते. म्हणजे नुसती पोचले नव्हते. पोचून, थांबून, दम खाऊन झाला होता. आमच्या पोरी मला मिठ्या मारायला निम्म्या मैदानापर्यंत धावत आल्या होत्या. त्या आल्या तिथंच उभ्या राहिल्या. एकीचे हात तर हवेतच होते.

“कोणता फोर्स, सर?” मी विचारलं.

“असतो तो.”

“असतो तो म्हणजे?”

“हे बघ, तू खेळाडू आहेस. खेळ. नियम आम्हाला कळतात.”

रिसोडचं मैदान, राज्य स्पर्धा, तिसऱ्या क्रमांकाची मॅच. आम्ही अकोल्याच्या, समोर लातूरच्या. फायनल दुपारनंतर होती आणि आमच्या मॅचला शाळेची पोरं सोडली तर कुत्रं नव्हतं. कशाला असेल? सॉफ्टबॉल म्हटलं की लोक विचारतात, बॉल मऊ असतो का? एकदा तोंडावर घ्या म्हणावं, मग सांगा.

पण आम्हाला ती फायनलच होती. पहिल्या तीन टीमना मिळतं ते सर्टिफिकेट खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीला चालतं. चौथीला मिळतं ते भिंतीला चालतं. आमच्या शेवंता सिरसाटचा पोलीस भरतीचा अर्ज तयार होता. धावण्यात ती पास, उंचीत पास, गोळाफेकीत पास. वयाची तिची ती शेवटची भरती होती. तिच्या घरी कमावणारं दुसरं कोणी नव्हतं आणि हे ती कोणाला सांगतही नव्हती. आम्हाला ते माहीत होतं, कारण कॅम्पमध्ये ती जेवणातली पोळी कधी टाकायची नाही, दुसरीच्या ताटातलीही.

आता काय झालं होतं ते सरळ सांगते. ज्यांना फक्त क्रिकेट कळतं त्यांनाही कळेल, उन्हाळे सरांना सोडून.

सातवी इनिंग, म्हणजे शेवटची. दोन-दोन बरोबरी. लातूरची बॅटिंग होऊन गेलेली, आता आमची, एक आउट. मी तिसऱ्या बेसवर, म्हणजे घरापासून, होम प्लेटपासून, एका धावेच्या अंतरावर. विजू ठोंबरे पहिल्या बेसवर. बॅटिंगला शेवंता. शेवंतानं असा हाणला की बॉल सेंटरच्या फील्डरच्या डोक्यावरून जाणार असंच वाटलं. पण लातूरची ती पोरगी उलटी पळत गेली आणि तिनं कॅच घेतला. शेवंता आउट. दोन आउट झाले.

कॅच झाला की आपापल्या बेसला पाय लावल्याशिवाय पुढं पळता येत नाही. मी पाय लावूनच उभी होते. कॅच झाला, मी सुटले, घरी आले. विजू मात्र कॅच होणारच नाही असं धरून आधीच पळाली होती, पार दुसऱ्या बेसच्या पुढं. बॉल आधी होमवर आला, मी आल्यानंतर. लातूरची कॅचर, म्हणजे होमवरची कीपर, नर्गिस तांबोळी, तिनं तो घेतला, मला बघितलं, उपयोग नाही हे कळलं, आणि मग पहिल्या बेसवर फेकला. विजू परत पळत येत होती, पोचली नाही. तीन आउट. इनिंग संपली.

पण माझा रन त्याआधी झालेला. तो रन धरायचा. मॅच आम्ही जिंकलेली.

फोर्स आउट वेगळा असतो. बॅटर बॉल मारून पहिल्या बेसकडे पळते तेव्हा तिथं आधीपासून असलेल्या पोरीला जागा खाली करावीच लागते. मागून रेटा आहे, पुढं गेल्याशिवाय गत्यंतर नाही, ती फोर्स. तिसरा आउट असा झाला तर रन धरत नाहीत. इथं बॅटर कॅच होऊन बाजूला बसली होती. विजूच्या मागं कोण होतं? कोणी नाही. वारा होता.

“सर, बॅटर आउट झाली की फोर्स संपते,” मी म्हटलं.

“बेसवर पाय ठेवून आउट केली ना? रनरच्या अंगाला बॉल लावला का? नाही लावला. बेसवर आउट म्हणजे फोर्स.”

“हे कोणी सांगितलं तुम्हाला?”

ते असं काही बघायला लागले जसं काही मी त्यांच्या आईवरून बोलले.

आमचे कोच जुमडे सर आले. चालत आले. मॅच जिंकल्यावर ढापली जात असताना माणूस पळत येतो असा माझा समज होता.

“काय उन्हाळे सर?” ते हसत म्हणाले. “पोरींचं काय एवढं मनावर घेता.”

“नाही, तुमची कॅप्टन फार शहाणी आहे म्हणून म्हटलं.”

“आहेच ती तशी.”

आणि दोघं हसले. मला वाटलं बॅट घ्यावी आणि दोघांपैकी कोणाला आधी हे नाणेफेक करून ठरवावं.

“सर,” मी जुमडे सरांना बाजूला घेतलं. “प्रोटेस्ट म्हना. पुढचा बॉल टाकायच्या आत म्हनावं लागते. एकदा बॉल पडला की संपलं.”

“मंजुळा, ऐक. मंडपात निरीक्षक बसलेत. उन्हाळेंची पंचांच्या नॅशनल पॅनेलची परीक्षा चालू आहे. आज त्यांच्यावर प्रोटेस्ट टाकला तर माणूस कायमचा दुखावतो.”

“आन् शेवंता?”

“खेळू ना आपण. बरोबरीच आहे. आठवी इनिंग खेळू.”

“सर, तुमचं नाव पुढच्या वर्षी पॅनेलला जाणार हाय, म्हनून?”

“तोंड सांभाळ,” ते म्हणाले.

नियमात कॅप्टनलाही प्रोटेस्ट करता येतो. मी वळले आणि मैदानाच्या त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “प्रोटेस्ट!”

शाळेची पोरं टाळ्या वाजवायला लागली. त्यांना काय, काहीतरी घडलं एवढंच.

मंडपात टेबलामागं निरीक्षक बसले होते, बाजूला स्पर्धेचे दोन पदाधिकारी. तिघांपुढं चहा. उन्हाळे सर टोपी काखेत धरून उभे. दुसरे पंच कोल्हे, बेसवरचे, ते त्यांच्या मागं. कोल्ह्यांना नियम माहीत होता. सकाळच्या एका मॅचमध्ये त्यांनीच असाच रन दिलेला मी बघितला होता. पण ते स्वतःच्या बुटांकडे असे बघत होते जसे काही बूट पहिल्यांदाच मिळाले.

निरीक्षकांनी माझं ऐकून घेतलं. मग विचारलं, “उन्हाळे, फ्लाय कॅच झाला. बरोबर?”

“हो साहेब.”

“म्हणजे बॅटर आउट.”

“हो.”

“मग रनर लवकर सुटली म्हणून अपील. हा फोर्स कसा?”

उन्हाळे सर बोलायला गेले आणि थांबले. मी त्यांच्या अगदी समोर होते. त्यांच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी पाहिलं. त्यांना कळलं. त्याच क्षणी, लख्ख कळलं. मला सुटल्यासारखं झालं, कारण मला वाटलं, कळलं की माणूस म्हणतो, अरे चुकलं, आणि विषय मिटतो. तेवढं वय होतं माझं.

“साहेब,” उन्हाळे सर सावकाश म्हणाले, “फोर्स हा शब्द माझ्या तोंडून घाईत गेला. मूळ निर्णय तो नाहीच. माझ्या बघण्यात रन आधी झालाच नव्हता. पहिल्या बेसवर आउट आधी झाला, ही नंतर घरी आली. म्हणून रन नाही.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“सर, मी येऊन उभी व्हती! पँट झटकून झाली व्हती माही!”

“ते तुझं म्हणणं.”

“तुम्ही फोर्स म्हनून ओरडले. सगळ्यांनी ऐकलं!”

निरीक्षकांनी हात वर केला. “हे बघ मुली. पंचानं नियम चुकीचा लावला तर प्रोटेस्ट चालतो. पंचानं डोळ्यानं काय पाहिलं, यावर चालत नाही. ते म्हणतात रन आधी आला नाही. संपलं.”

“पन ते खोटं...”

“मंजुळा!” जुमडे सर.

“कोल्हे सरांना विचारा!”

निरीक्षकांनी मान वळवली. कोल्हे म्हणाले, “मी बेसकडे बघत होतो, साहेब. होमकडे माझं लक्ष नव्हतं.” बुटांनाच सांगितलं त्यांनी.

मग मी मागं वळून बघितलं. लातूरच्या पोरी मंडपाच्या दोरीबाहेर घोळक्यानं उभ्या होत्या. पुढंच नर्गिस. मास्क डोक्यावर सरकवलेला, पायाला पॅड तशीच. मी तिला तोवर नावानंही फारशी ओळखत नव्हते. पाणी प्यायला एका टाकीवर भेट व्हायची तेवढीच. मी दोरीपाशी गेले.

“तुह्याजवळ बॉल आला तेव्हा मी कुठं व्हती?”

तिचे कोच गित्ते सर लगेच म्हणाले, “नर्गिस, गप बस. आपला काय संबंध?”

नर्गिस त्यांच्याकडे बघून मग माझ्याकडे बघायला लागली. तिला समजत होतं मी काय मागतेय. ती बोलली तर तिच्या टीमची हार. तिच्या टीममध्येही कोणीतरी शेवंता असणारच.

“होमवर येऊन उभी होती,” ती म्हणाली.

“नर्गिस!”

“काय सर? उभी होती तर उभी होती म्हनू नाही काय? ही आली नसती तर मी हिलाच टॅग केलं असतं की. ही येऊन बसली म्हनूनच तर मी बॉल पहिल्यावर फेकला. उगं कशाला फेकीन?”

एवढं साधं. बॉल आधी होमवर आला, माझ्यामागून आला, आणि तिथूनच पुढं गेला. माझ्या आधी पहिल्या बेसवर आउट व्हायला बॉल दोन असायला हवे होते.

एका पदाधिकाऱ्यानं चहाचा घोट घेतला, सुरकन् आवाज आला.

“खेळाडूची साक्ष नियमात बसत नाही,” निरीक्षक म्हणाले. “प्रोटेस्ट फेटाळला. आठवी इनिंग खेळवा.”

मी मैदानात आले आणि ग्लव्ह फेकला. खरंच फेकला, पिचरच्या जागेपर्यंत गेला.

“नाई खेळायचं,” मी आमच्या पोरींना म्हटलं. “सगळ्या बाहेर या. देऊ दे वॉकओव्हर. बसू दे त्यांना तोंड घेऊन. आपन जिंकलो हाओत.”

विजू रडत होती. आपल्यामुळं झालं म्हणून. बाकीच्या माझ्यामागं यायला तयार होत्या. तेवढ्यात शेवंता चालत गेली, ग्लव्ह उचलला, आणि माझ्या छातीवर आपटला.

“घाल.”

“शेवंते, आपला रन व्हता.”

“व्हता. मीच मारला न तो, मले माहीत नाई?” ती दबक्या आवाजात बोलत होती. “तुले खरं ठरायचं हाय, मंजुळे. मले नोकरी पाह्यजे. वॉकओव्हर दिला तर आपन चौथ्या. घाल ग्लव्ह.”

घातला.

जादा इनिंगचा एक नियम आहे. निकाल लवकर लागावा म्हणून दोन्ही टीमना एक-एक पोरगी दुसऱ्या बेसवर फुकट उभी करून मिळते. लातूरची बॅटिंग आधी. त्यांची पोरगी दुसऱ्यावरून तिसऱ्यावर आली आणि तिथंच अडकली. माझ्या हाताला एक उसळलेला बॉल लागला, अंगठा सुजला, मी बघितलंही नाही. रन दिला नाही.

मग आम्ही. दुसऱ्या बेसवर उभी करायची ती मागच्या इनिंगची शेवटची बॅटर. म्हणजे शेवंता.

दोन आउट होईपर्यंत ती तिथंच होती. मग आमच्या पिचरनं डावीकडं एक मारला, जोरात नाही, पण बरोबर मधोमध पडला. शेवंता बॉल पडायच्या आधीच निघाली. तिसरा बेस तिनं नीट तुडवला, अगदी दाखवून तुडवला, आणि घराकडं वळली. डावीकडच्या पोरीनं बॉल उचलून थेट होमवर फेकला. नर्गिस प्लेटच्या पुढं एक गुडघा टेकून बसली, दुसरा पाय आडवा. कॅचरनं बसायला पाहिजे तशीच ती बसली होती. शेवंतानं स्लाइड मारली, पाय पुढं करून घसरत आली. स्लाइड मारायला पाहिजे तशीच मारली. दोघींचंही काही चुकलं नाही, हे मी आजही कोणालाही सांगेन.

शेवंताचे दोन्ही पाय नर्गिसच्या गुडघ्यावर गेले. आवाज आला. बॉल बाजूला घरंगळला.

“सेफ!” उन्हाळे सर म्हणाले. हात पसरून, ऐटीत.

आम्ही जिंकलो. दुसऱ्यांदा.

आमच्या पोरी यावेळी मिठ्या मारायला आल्या नाहीत. शेवंता उठलीच नाही, ती तिथंच नर्गिसचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि “बाई, बाई, बाई” एवढंच म्हणत राहिली. नर्गिसचा पाय गुडघ्यापासून भलतीकडं वळला होता. ओरडत नव्हती ती. दातात ग्लव्हची पट्टी धरली होती.

मैदानावर गाडी नव्हती. एका पोरानं सायकलवर जाऊन रिक्षा आणली. तोवर उन्हाळे सर माझ्याजवळ आले. घाम पुसत, मोकळे झाल्यासारखे.

“बघ. जिंकलात ना शेवटी? मग कशासाठी एवढा तमाशा केलास?”

मी नुसतं नर्गिसकडं बोट दाखवलं. ही माझ्या आयुष्यातली दुर्मीळ घटना आहे.

“आन् ती?” मी एवढंच म्हटलं.

त्यांनी नर्गिसकडं बघितलं. “खेळात होतंच असं.”

जुमडे सर मागून म्हणाले, “मंजुळा, आपली सर्टिफिकेटं आत्ताच देतायत. टीम लाइनीत घे.”

मी नाही घेतली. रिक्षा आली तेव्हा गित्ते सर पुढं ड्रायव्हरशेजारी बसले आणि मी मागं, नर्गिसचा पाय मांडीवर धरून. शेवंताही यायला निघाली होती. तिला मी ढकलून परत पाठवलं. सर्टिफिकेट हातात घेतल्याशिवाय हलू नको म्हटलं. एवढं होऊन तेही राहिलं असतं तर मी वेडी झाले असते.

रस्ता खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्याला नर्गिस माझं मनगट आवळायची.

“तू कशाला बोललीस मंडपात?” मी विचारलं. “तुह्या पोरी चिडल्या असतील.”

“चिडल्या की. एक तर थुंकली माझ्या पायापाशी.” मग एक खड्डा गेला. “पन ऐकलं असतं माझं, तर काय झालं असतं? आमी हरलो असतो. आत्ता मी मंडपात बसून हरल्याचा वरण-भात खात असते. दोन्ही पायांवर.”

पुढं गित्ते सरांचे खांदे हलले. मला वाटलं हसतायत. हसत नव्हते.

नर्गिस पुन्हा खेळली नाही. दोन ऑपरेशनं झाली, पाय वाचला, गुडघा गेला तो गेलाच. शेवंता पोलिसात लागली, आज हवालदार आहे. नर्गिसच्या मुलीच्या बारशाला आम्ही दोघी लातूरला गेलो होतो. शेवंता दाराबाहेरच उभी राहिली, आत जायची तिला हिंमत होईना. शेवटी नर्गिसच लंगडत बाहेर आली आणि म्हणाली, “ये की आत. स्लाइड मारू नकोस म्हंजे झालं.”

मी खेळ सोडला आणि बऱ्याच वर्षांनी पंच व्हायचं ठरवलं. रागानंच. पंचांच्या शिबिराला गेले, शेवटचा दिवस, शेवटचं व्याख्यान. विषय, अपील आणि फोर्स आउट. व्याख्याते, उन्हाळे सर. नॅशनल पॅनेल, केस पांढरे, सोनेरी चष्मा. संध्याकाळी आमचे मार्क तेच देणार होते.

त्यांनी टेबलावर पाण्याच्या चार बाटल्या बेस म्हणून मांडल्या आणि शिकवायला लागले. काय शिकवलं! बॅटर कॅच झाली की मागचा रेटा संपतो, मग लवकर सुटलेल्या रनरचं अपील हा फोर्स नव्हेच, त्यामुळं आधी आलेला रन धरायचा. इतकं स्वच्छ मी कोणाकडून ऐकलेलं नाही. खडू न मोडता, आवाज न चढवता. पोरं वह्यांत उतरवून घेत होती.

“लक्षात राहावं म्हणून एक प्रसंग सांगतो,” ते म्हणाले. “रिसोडला, तिसऱ्या नंबरची मॅच. दोन-दोन, सातवी इनिंग. अगदी हीच सिच्युएशन माझ्यापुढं आली. समोर निरीक्षक बसलेले, माझी परीक्षा चालू. दोन्हीकडचे लोक अंगावर. फोर्स आहे, फोर्स आहे म्हणून नुसता गोंधळ. पण मी ठाम राहिलो. रन दिला.”

“प्रेशर नाही आलं, सर?” एकानं विचारलं.

“येतं ना. पण पंच एकदा वाकला की संपला.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उभी राहिले.

“सर, त्या मॅचला तिसऱ्या बेसवर मी होते.”

सगळ्या माना वळल्या. उन्हाळे सरांनी चष्मा खाली घेऊन मला पाहिलं. ओळखलं. क्षणभर मंडपातला तो चेहरा परत आला, आणि गेलाही. मग ते हसले, अगदी प्रेमानं.

“अरे वा! साक्षात त्या वेळची खेळाडू आपल्यात आहे. या मॅडम, या पुढं. तुम्हीच सांगा यांना काय झालं होतं ते.”

पुढं जाताना मला समजत होतं त्यांचा हिशेब काय आहे. मार्क त्यांच्या हातात, हॉलमधला प्रत्येकजण त्यांचा विद्यार्थी, आणि बाई माणूस, चार गोड शब्द बोलून खाली बसेल.

मी त्यांच्या चारही बाटल्या होत्या तशा राहू दिल्या. पहिल्या रांगेतल्या मुलीची एक बाटली मागून घेतली आणि होम प्लेटपुढं आडवी ठेवली.

“ही नर्गिस तांबोळी,” मी म्हटलं. “लातूरची कॅचर. हिचा उजवा गुडघा आता वाकत नाही. का, ते सांगते.”